निळ्या मीन्याची पाठ

हातकणंगले

कोल्हापूरचं तिकीट हातात असताना मी हातकणंगल्यालाच उतरलो. सांगायला कारण सोपं होतं. मला कबनूरला जायचं होतं आणि कबनूर इथून जवळ. खरं कारण असं की कोल्हापूरच्या स्टेशनावर कुणी ओळखीचं भेटेल याची मला धास्ती वाटत होती. ते शहर सोडून नागपूरला गेलो तेव्हा माझे केस काळे होते. आता मला ओळखणारं तिथे कोण उरलं असेल? पण धास्तीला असली समजूत पटत नाही.

थंडी संपत आली होती, पण ऊसतोड चालू होती. स्टेशनाबाहेर रस्त्यावर उसाचे तुकडे पडलेले, त्यांच्यावरून चाकं गेल्यामुळे हवेला गोडसर, आंबूस वास. रिक्षावाल्याने पिशवी माझ्या हातातून काढूनच घेतली.

"कुठनं आलासा पावणं?"

"नागपूर."

"लई लांबनं आलासा की. कुणाकडं?"

आमच्याकडे रिक्षावाला इतकं विचारत नाही. इथे सांगितल्याशिवाय रिक्षा सुरू होत नाही. म्हटलं, "बशीर शिकलगार. मीन्याचं काम करतात."

"मीन्याचा शिकलगार?" तो आठवायला लागला. "तसला कोण न्हाय कबनुरात. वेल्डिंगचा बशीर हाय. मागाचे तुटके पार्ट जोडून देतोय. त्योच का?"

"तोच," मी म्हणालो. मग रिक्षा सुरू झाली.

आता वाचकांना आधीचं सांगितलं पाहिजे. तरुणपणी मी कोल्हापुरात अंतर्गत सजावटीची कामं करत असे. शहरातल्या एका सभागृहासाठी भिंतभर चित्र करायचं काम मला मिळालं. सभागृहाचं नाव देत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. चित्राची कल्पना माझी होती. खाली नदीचं निळं पाणी, ते तांब्याच्या पत्र्यावर मीना भाजून केलेलं. वर शेतं, ती भरतकामाच्या कापडाची. मध्ये पितळेचे बांध. मीना बशीरचा, भरतकाम त्याच्या बायकोचं, झुबेदाभाभींचं. सभागृह उघडलं तेव्हा लोक नदीला हात लावून बघत होते, ओली आहे का म्हणून.

काही महिन्यांनी नदीला तडे गेले. एका लग्नाच्या पंगतीत निळ्या काचेची कपची उडून कुणाच्या तरी ताटात पडली. गावभर झालं. सभागृहाच्या कमिटीने मला बोलावून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की मीना कच्चा भाजला गेला, भट्टी कमी पडली. चित्रावर पडदा टाकण्यात आला. बशीरचं काम बंद पडलं आणि तो कबनूरला माग दुरुस्त करायला गेला. मी नागपूरला गेलो.

मीना कच्चा नव्हता. तो का तडकला हे फक्त मला माहीत होतं.

आणि गेल्या महिन्यात बशीरच्या मुलीचा, रेहानाचा, फोन आला. सभागृह नव्याने होतंय, जुनं चित्र उतरवणार आहेत, त्या जागी नवं चित्र करायचं काम तिला मिळालंय. "काका, मला नदी मीन्याचीच करायची हाय. पण अब्बा भट्टी पेटवायला तयार न्हाईत. म्हणतात माझ्या हाताला मीना धरत न्हाय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. उतरवायच्या दिवशी तरी या."

चित्र उतरवणार म्हणजे नदीच्या तांब्याच्या प्लेटांची मागची बाजू दिसणार. मी तिकीट काढलं.

कबनूर

गल्लीत शिरलं की आधी आवाज. घराघरांतून यंत्रमाग चालतात, त्यांचा खडखडाट जमिनीतून पायांत चढतो. इथली माणसं मोठ्याने बोलतात असं बाहेरचे म्हणतात. मागाशेजारी जन्म काढला तर कोणीही मोठ्यानेच बोलेल.

बशीर दारातच उभा होता. दाढी पांढरी झालेली, खांदे मात्र तसेच. "या सर, या. म्हातारं झालासा की ओ," तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "मला वाटलं, नागपूरची संत्री खाऊन तरणंच राहिला असशीला."

"तुम्हीसुद्धा काही तरुण दिसत नाही."

"मी लोखंडात काम करतोय. लोखंड गंजतंयच."

रेहानाची कामाची जागा मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. ती काय करते ते मी फोनवर ऐकलं होतं, पण बघितल्यावर थबकलो. भिंतीवर टांगायची चित्रं, कुठलंही रंगवलेलं नाही. मागावर उरलेल्या कापडाच्या कडा एकावर एक शिवून तिने काळी माती केली होती. तिच्यात पितळेचा ठोकून पातळ केलेला पत्रा, बारीक भोकं पाडून, त्या भोकांतून रेशमाचा धागा ओवलेला. मातीतून हिरवं पातं वर येतं तसा पितळेतून तो धागा येतो. एका चित्रात नुसता दोरीवर वाळत घातलेला निळा परकर होता. कापडाचा परकर आणि तांब्याची दोरी. मी बोट लावलं तर दोरी थंड लागली आणि परकर उबदार.

"टाके आईनं शिकवले," रेहाना म्हणाली. "आता तिला दिसत न्हाय. बोटानं चाचपून सांगती, हितं ओढलायस म्हणून."

कोपऱ्यात बशीरची जुनी भट्टी होती. तिच्यावर धाग्यांची गुंडाळी रचलेली.

जेवायला ज्वारीची भाकरी, खरडा, वांगं, सुकं मटण आणि रस्सा. आमच्याकडे जेवण तिखट असतं ते तेलात तरंगतं. इथलं तिखट सरळ अंगावर येतं. झुबेदाभाभींनी माझ्या ताटाकडे कान लावला असावा. "सर जेवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "भाकरी मोडल्याचा आवाजच न्हाय."

मी भाकरी मोडली. आता सांगावं असं वाटत होतं. घास गिळून सुरुवात करणार, तेवढ्यात बशीरच बोलायला लागला.

"रेहानानं तुम्हाला उगंच तरास दिला. मी तिला सांगितलंय, पितळ कर, कापड कर, मीन्याच्या नादाला लागू नको. त्या टायमाला शेवटच्या प्लेटा भाजताना माझं ध्यान भट्टीत नव्हतं. ही व्हायची होती. मिरजेच्या दवाखान्यातनं निरोप आलता. प्लेटा काढल्या आणि पळालो."

"म्हणून नातेवाईक काय म्हणत होते सांगा की," रेहाना हसत म्हणाली. "पोरगी आली आणि बापाची भट्टी विझवून गेली. माझा पायगुण."

"गप, जेव."

"मी काय रडतेय का? लहानपणापासनं ऐकतेय."

ती हसतच होती. माझ्या हातातला घास ताटात परत गेला. मी कमिटीपुढे एक वाक्य बोललो होतो. त्या वाक्याला या घराने आपापल्या परीने कारण शोधलं होतं, आणि ते कारण समोर बसून मला रस्सा वाढत होतं.

त्या जेवणात मी काही सांगितलं नाही. उद्या सकाळी बशीरला एकट्याला गाठून सांगू असं ठरवलं, आणि ठरवून हलकं वाटायला लागलं याचीच लाज वाटली.

गंगावेशीतलं दूध

सकाळी रेहानाच्या छोट्या टेम्पोतून आम्ही कोल्हापूरला निघालो. ती चालवत होती, मी मध्ये, बशीर खिडकीशी. पंचगंगेच्या पुलावर त्याने खाली पाणी बघितलं आणि तोंड फिरवलं. नदीचा रंग मी त्याच्याकडून तीनतीनदा बदलून घेतला होता. पावसाळ्यातली नको, श्रावण सरल्यानंतरची हवी, असा हट्ट धरला होता मी.

गंगावेशीत त्याने टेम्पो थांबवायला लावला. "दूध प्या आधी." हा प्रकार मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिला नाही. भर रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला हातात देतो. कपडे सांभाळत पैलवानापासून कारकुनापर्यंत सगळे उभ्याने पितात. नागपुरात सकाळी आम्ही पोह्यांवर तर्री ओतून घेतो. इथे माणसं दिवसाची सुरुवात म्हशीच्या शेजारी उभं राहून करतात.

रेहाना टेम्पो लावायला पुढे गेली होती. आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "बशीरभाई, तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी प्या. गार झालं की मजा जाती."

"चित्राबद्दल आहे."

त्याने पेला खाली केला. मिशांना फेस लागलेला. "सर, मला ठाव हाय तुम्ही काय सांगणार." तो म्हणाला, "तुम्ही म्हणणार, वाईट वाटून घेऊ नको. मी न्हाय घेत. त्या कमिटीत तुम्ही माझ्याबद्दल कमीच बोललासा. दुसरा असता तर शिव्या घातल्या असत्या."

माझ्या हातातला पेला कलला. शर्टाच्या पुढच्या बाजूवर दूध सांडलं. गवळी हसला, "पावणं, म्हशीला बघून घाबरला व्हय?" बशीरने खांद्यावरच्या पंच्याने माझा शर्ट पुसला, लहान मुलाचा पुसतात तसा. मी त्याला पुसू दिला. रेहाना परत आली आणि वेळ गेली.

सभागृह

पडदा मरून रंगाचा होता, धूळ खाऊन तपकिरी झालेला. व्यवस्थापक पाटील म्हणून एक गृहस्थ, त्यांनी गड्यांना सांगून तो ओढला. धुळीचा लोट खाली आला आणि आम्ही सगळे खोकत मागे सरलो.

मग नदी दिसली. अर्धीअधिक टकली झालेली, तांबं उघडं पडलेलं, उरलेल्या निळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. पण वरची शेतं! पडद्यामागे ऊन लागलं नव्हतं. झुबेदाभाभींचे हिरवे टाके काल घातल्यासारखे. भाताचं खाचर, पिवळी पडत आलेली तूर, बांधावर एक पांढरा बगळा, जो माझ्या आराखड्यात नव्हता. त्यांनी स्वतःच्या मनाने तो घातला होता आणि मी त्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं.

मीन्याचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी इथे एक गोष्ट सांगतो. मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. ती तांब्यावर पसरून भट्टीत घातली की वितळून चिकटते. पण गार होताना तांबं आणि काच सारखं आकसत नाहीत. एकाच बाजूला काच असली तर पत्रा वाकायला बघतो आणि काच तडकते. म्हणून कारागीर पत्र्याच्या मागच्या बाजूलाही मीना भाजतो, जो कुणाला दिसणार नसतो. बशीर त्याला पाठ भरणं म्हणायचा. पाठ भरल्याशिवाय त्याने एकही प्लेट दिली नव्हती.

नदीच्या वरच्या काठच्या प्लेटांसाठी त्याने शिडी लावली. गडी पुढे झाले तर म्हणाला, "व्हा बाजूला. माझ्या हायत, मीच काढतो." पहिल्या प्लेटेच्या कडेखाली त्याने पटाशी घातली.

मी म्हणालो, "बशीरभाई, थांबा."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पाटील, रेहाना, गडी, सगळे बघायला लागले.

"पाठ मी काढली होती," मी म्हणालो. "तुम्ही मिरजेला होता. मागची काच गुळगुळीत, तिच्यावर चिकटवायचं द्रव्य धरेना. रात्री लावलेल्या प्लेटा सकाळी खाली आल्या. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. मी फिटरला सांगून सगळ्या प्लेटांच्या पाठी ग्राइंडरने घासून घेतल्या. तो म्हणाला शिकलगारला विचारू. मी म्हणालो नको. काय होईल ते मला माहीत होतं. वाटलं, जाड फळीवर चिकटवल्यात, टिकतील."

बशीर माझ्याकडे बघत नव्हता. त्याने पटाशीवर हात मारला, प्लेट सुटली. ती उलटी करून त्याने खिडकीच्या उजेडात धरली. उघडं तांबं, त्यावर ग्राइंडरच्या चाकाचे गोल गोल ओरखडे. एका कोपऱ्यात पांढऱ्या मीन्याची चिमटीएवढी पट्टी राहिली होती. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"तडे गेल्यावर मी म्हटलं होतं," तो सावकाश म्हणाला, "एक प्लेट उतरवून बघू द्या. तुम्ही न्हाय म्हटलासा."

"हो."

"म्हणलासा, बाकीच्या निघतील."

"हो."

तो शिडीवरून उतरला. प्लेट घेऊन रेहानाकडे गेला. "बघ," तो म्हणाला. "पक्की भाजलीया. ह्या कोपऱ्यात नख मार. मार की. निघती का?"

तिने नख मारलं. "न्हाय निघत."

"मग पायगुण-बियगुण काय न्हाय. ऐकलंस? ग्राइंडर हाय ह्यो." एवढं बोलून तो पायरीवर बसला आणि पंच्यात तोंड घातलं. रेहाना त्याच्याजवळ बसली नाही. ती शिडीवर चढली आणि एकेक प्लेट काढून उलटी करून जमिनीवर मांडत गेली. सगळ्या पाठी सारख्याच.

पाटील माझ्या कानाशी आले. "सर, जाऊ द्या की. आता हे उकरून काय मिळणार? चित्र तर काढायचंच हाय."

रेहाना वरूनच म्हणाली, "सर, ती दुसरी पटाशी द्या हिकडं." सकाळपर्यंत मी तिचा काका होतो.

गुजरी

बशीर उठला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "चला."

"कुठे?"

"गुजरीत. सांगायला. मला सांगून काय उपेग? माझं काम हितल्यांनी न्हाय, गुजरीतल्या सराफांनी बंद केलं."

गुजरी म्हणजे सराफांची गल्ली. अंबाबाईच्या देवळाजवळ, दुकानाला दुकान लागून. दागिन्यांवरचं बारीक मीनाकाम इथूनच बशीरकडे जायचं. ऊन चढलं होतं. माझा शर्ट दुधाने कडक झालेला. पुढे तो, मागे मी, हातात उलटी प्लेट. ती त्याने माझ्याच हातात दिली होती.

पहिल्या दुकानात ओळखणारं कुणी नव्हतं. दुसरं दुकान राहिलं नव्हतं, तिथे मोबाईलची कव्हरं विकत होते. तिसऱ्यात गादीवर एक खूप म्हातारे अण्णा बसलेले, शेजारी मुलगा. बशीरला बघून अण्णांचा चेहरा खुलला.

"आरं, शिकलगार! जेवताना वर बघा!" आणि ते खोखो हसले. मुलाला सांगायला लागले, "त्या टायमाला म्हणच पडलीती. शिकलगाराचा मीना, जेवताना वर बघा. कुणाच्या ताटात पडंल सांगता येत न्हाय."

बशीरही थोडा हसला. मला ते हसणं सहन झालं नाही. मी प्लेट गादीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. अण्णांनी भिंग लावून पाठ बघितली. बराच वेळ बघितली.

"मग त्या वेळी का बोलला न्हाईसा?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"नाव जाईल याची."

"मग गेलंच की," अण्णा म्हणाले. "ह्याचं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता. अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "ऐक जरा. उद्या लोकास्नी तुलाच सांगायचं हाय, मी किती दिस पुरणार."

आणखी दोन ठिकाणी गेलो. एका दुकानात विचारलं, कुठला मीना, कुठलं सभागृह? त्यांना काही आठवत नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बशीरभाई, पुष्कळांच्या लक्षातही नाही." मला वाटलं त्याला बरं वाटेल.

तो थांबला. "माझ्या हाय की," तो म्हणाला.

पुन्हा कबनूर

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. शेडमध्ये गेलो तर भट्टीवरची धाग्यांची गुंडाळी खाली उतरवलेली. बशीर भट्टीसमोर उकिडवा बसला होता. झुबेदाभाभी खाटेवर, तोंड भट्टीकडे, ऊब अंगावर घेत.

"किती वर्सांनी वास आला," त्या म्हणाल्या.

त्याने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी दारात उभा राहिलो. तळहाताएवढा तांब्याचा तुकडा त्याने घेतला, उलटा केला आणि आधी पाठीवर पांढरी पूड चाळली. भाजली. मग पुढच्या बाजूला निळी. श्रावण सरल्यानंतरची निळी. चिमट्याने प्लेट बाहेर काढली तेव्हा ती लाल होती, रंग अजून आलेला नव्हता. गार होता होता निळा वर येतो. आणि त्याच वेळी ती बारीक आवाज करते, टिक, टिक. तडा जातानाही असाच आवाज येतो. बशीर कान लावून बसला होता. रेहाना हातातली सुई तशीच धरून.

"हात अजून चालतोय," तो स्वतःशीच म्हणाला. मग मला: "गाडी चुकंल तुमची. ही सांजपर्यंत निवती. तवर काय सांगता येत न्हाय."

निघताना मी त्याच्यापुढे हात जोडले. त्याने हात धरले नाहीत, पण रिक्षापर्यंत आला. मी रिक्षात बसल्यावर म्हणाला, "अण्णाला सांगितलंसा, बरं केलंसा. जे मेले त्यांचं सोडा. पण त्या पंगतीत जेवलेले कितीतरी गाव सोडून पुण्या-मुंबैला गेले. ते तिकडं पोराबाळांना हसून सांगत असतील. त्यांना कोण सांगणार?"

ती प्लेट संध्याकाळी शाबूत होती की तडकली, मला ठाऊक नाही. रेहानाला फोन करायला मी धजलो नाही आणि तिचा आला नाही. कोल्हापूरला गेलात तर नव्या चित्रात नदी कशाची आहे ते तुम्हालाच बघावं लागेल.

मला करता येण्याजोगं हे लिहिणं एवढंच उरलं होतं, ते केलं. तुम्ही त्या पंगतीत असाल, किंवा तुमच्या घरात कुणी "जेवताना वर बघा" म्हणून हसत असेल, तर त्यांना वाचून दाखवा. बशीर शिकलगारचा मीना पक्का होता. पाठ मी घासली.